८०-९० ला स्टिअरिंग थरथरतंय? हलक्या गाडीचं वॉबलिंग शोधायचा स्वस्त क्रम

सोलापूर शहरात गाडी लोण्यासारखी चालते. जुना पुणे नाका मागं टाकून मोहोळच्या दिशेनं लागलात, काटा ७५ च्या पुढं गेला, की स्टिअरिंग हातात बारीक थरथरायला लागतं. ८५-९० ला सगळ्यात जास्त. तसंच दाबत नेलं तर १०५-११० ला कमी होतं आणि ७० वर आलात की गायब. गॅरेजवाला शहरातल्याच सात रस्ता चौकापर्यंत फेरी मारून येतो आणि म्हणतो, "काही नाही की ओ, मस्त चालतीय." बरोबरच आहे, सात रस्त्यावर ८५ कोण चालवणार?

माझ्याकडं सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच. त्यातही मारुतीची जुनी झेन, ८०० किंवा पहिली स्विफ्ट घेऊन तिची छोटी स्पोर्ट्स कार करायच्या मागं लागलेल्या पोरांची. बहुतेक जण आधी लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा), शॉकअप (धक्का गिळणारा नळा) असं महागातलं काहीतरी बदलून आलेले असतात आणि थरथर जशीच्या तशी असते. म्हणून हा क्रम लिहून ठेवतोय. फुकटातलं आधी, शेकड्यातलं नंतर, हजारातलं शेवटी.

आधी लक्षण ओळखा

थरथर कुठं जाणवते, कधी येते आणि कधी जाते, एवढं नीट सांगता आलं तर निम्मं काम झालं. गाडी मोकळ्या रस्त्यावर घ्या, शेजारी कुणाला तरी बसवा आणि त्यालाच लिहायला सांगा. ८५ च्या वेगात मोबाइलवर टिपणं काढू नका.

ठरावीक वेगातच स्टिअरिंग थरथरतं आणि पुढं-मागं थांबतं, तर पुढच्या चाकांचं बॅलन्सिंग बिघडलंय, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडं सारखं राहिलेलं नाही. स्टिअरिंग शांत आहे पण सीट आणि पायाखालचा पत्रा थरथरतो, तर मागची चाकं बघा.

फक्त ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग हलतं आणि पेडलही पायाला ठोके देतं, तर चाकांचा नाद सोडा, ब्रेकच्या डिस्कची जाडी सगळीकडं सारखी राहिलेली नाही.

२०-३० च्या वेगातच गाडी डावी-उजवी डुलते, जणू एक चाक अंडाकृती आहे, तर टायर आतून फाटायला लागलाय किंवा रिम वाकलीय. हे लक्षण हलक्यात घेऊ नका.

अॅक्सिलरेटर दाबला की थरथर, पाय काढला की बंद, असं असेल तर एक्सलचा (इंजिनचा जोर चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचा) आतला जॉइंट. पूर्ण स्टिअरिंग तोडून वळताना कट-कट वाजतं तो बाहेरचा जॉइंट. वेगासोबत वाढत जाणारा घर्र आवाज, जो वळणावर कमी-जास्त होतो, तो बेअरिंगचा. आणि सिग्नलला उभ्या गाडीतच थरथर असेल तर इंजिन माउंटिंग नाहीतर प्लग. त्याचा या लेखाशी संबंध नाही.

गाडी एका बाजूला ओढते ही तक्रार वेगळी. ती अलाइनमेंट (चाकांचे कोन), हवा किंवा अडकलेल्या ब्रेकची. ओढणं आणि थरथरणं यांची गल्लत झाली की पैसे वाया जातात.

हलक्या गाडीलाच जास्त का?

१९९३ साली आलेली झेन घ्या. ९९३ सीसीचं अॅल्युमिनियमचं इंजिन आणि वजन साडेसातशे किलोच्या आसपास. म्हणूनच ती आजही चालवायला मजा देते. पण एवढ्या कमी वजनात चाकांचा वाटा मोठा असतो. दोन टनाची एसयूव्ही जो धक्का गिळून टाकते तो इथं सरळ हातापर्यंत येतो.

थोडा हिशेब करा. १४५/७० आर १३ या मापाच्या टायरचा घेर साधारण १.६७ मीटर भरतो. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर, म्हणजे चाक सेकंदाला १५ फेरे मारतं. रिमच्या कडेवर एका जागी २० ग्रॅम वजन जास्त असलं तर या वेगात ते चाकाला जवळपास ३ किलोच्या जोरानं बाहेर ओढतं, सेकंदाला १५ वेळा, दर वेळी नव्या दिशेला. वेग निम्मा केला की हा जोर चौथाईवर येतो. म्हणून ४५ ला काहीच कळत नाही. आणि पुढच्या सस्पेन्शनची स्वतःची डोलण्याची जी गती असते तिच्याशी हे फेरे जुळले की थरथर सगळ्यात मोठी होते. तो वेग ओलांडला की ती परत उतरते. ठरावीक वेगातच त्रास होतो त्याचं कारण हे.

पहिलं काम: चाक आतून धुवा (फुकट)

हसू नका. आपल्याकडं निम्म्या तक्रारी इथंच संपतात.

रिमची बाहेरची बाजू सगळेच पुसतात. घाण बसते आतल्या बाजूला, ब्रेककडच्या पन्हाळीत. आपली जमीन काळी. पावसाळ्यात शेताकडं एक चक्कर झाली, किंवा उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी वावरातून रस्त्यावर ओढत आणलेल्या चिखलातून गाडी गेली, की तो चिखल रिमच्या आत जाऊन बसतो. रात्री गाडी उभी राहते, चिखल ओघळून खालच्या बाजूला जमतो आणि सकाळच्या उन्हात तिथंच वाळतो. पाण्याच्या फवाऱ्यानं तो निघत नाही. चाक काढून आत स्क्रू-ड्रायव्हर घातला की अर्धगोल खपलीच्या खपली निघते, आत उसाच्या पाचटाचे तुकडेही दिसतात. तळहाताएवढी एक खपली सहज पन्नास ग्रॅमच्या पुढं भरते. वरचा २० ग्रॅमचा हिशेब आठवा.

चाक काढलंच आहे तर आणखी तीन गोष्टी बघून घ्या. टायरच्या नक्षीत रुतलेला खडा किंवा नव्या रस्त्याच्या डांबराचा गोळा. रिम जिथं हबला (चाक ज्याच्यावर बसतं त्या मधल्या भागाला) टेकते त्या जागेवरचा गंज आणि माती, ती तारेच्या ब्रशनं घासून काढा, नाहीतर चाक एका बाजूला किंचित तिरकं बसतं. आणि रिमच्या कडेवर बॅलन्सिंगचं शिसं (वजन जुळवायला लावलेला छोटा तुकडा) पडल्याची खूण, म्हणजे धुळकट रिमवर बोटभर लांबीची स्वच्छ पट्टी. एका मित्राच्या झेनचे दोन्ही लोअर आर्म बदलून झाले होते, बिलही दणदणीत झालं होतं. पुढच्या डाव्या रिमवर ती स्वच्छ पट्टी मात्र कुणी बघितली नव्हती.

चाक परत लावताना नट आधी हातानं बसवा, मग समोरासमोरचे आलटून-पालटून थोडे-थोडे आवळा आणि शेवटचा जोर चाक जमिनीला टेकल्यावर द्या. पंक्चरवाला हवेच्या गननं एकेक नट एका दमात आवळतो, तेव्हा चाक मध्यावर न बसता एका अंगाला बसू शकतं. नव्या पंक्चरनंतर लगेच थरथर सुरू झाली असेल तर बाकी काही न करता चारही नट सैल करून परत नीट बसवा.

हवा

सकाळी, गाडी चालवायच्या आधी तपासा. मे महिन्यात ४२-४३ अंशांत दुपारी गाडी पळवून पंपावर गेलात तर आकडा वाढलेलाच दिसणार. टायरमधलं तापमान १० अंशांनी वाढलं की हवेचा दाब साधारण एक ते दीड पीएसआय (पंपावर दिसतो त्या आकड्याचं एकक) वाढतो. तो वाढलेला आकडा बघून हवा सोडू नका, सकाळी टायर कमी हवेत राहील. किती भरायची ते मॅन्युअलमध्ये किंवा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतं. पंपावरचा पोऱ्या सगळ्यांना "पस्तीस टाकू का?" विचारतो, त्याच्यावर जाऊ नका. हलक्या गाडीत जास्त हवा भरली की प्रत्येक खड्डा हाताला लागतो आणि लोक त्यालाच वॉबलिंग समजतात. नायट्रोजनचे पैसे देण्यानं थरथर जात नाही.

टायरवरून हात फिरवा

डोळ्यापेक्षा हाताला लवकर कळतं. तळहात टायरवर आडवा फिरवा. एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट दिशेनं करवतीसारखं लागलं, तर अलाइनमेंट गेलेली. जागोजागी खोलगट लागलं, तर शॉकअप थकलाय. मग बाजूची भिंत बघा, आतली बाजूसुद्धा. फुगा दिसला तर आतले दोरे तुटलेत. तो टायर संपला. पॅच नाही, ट्यूब टाकून भागवणं नाही. स्टेपनी लावा आणि फुगा असलेला टायर हायवेला नेऊ नका.

टायरचं वयही वाचा. भिंतीवर 'डॉट' अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. जुन्या गाड्या कमी फिरतात, त्यामुळं नक्षी भरपूर दिसते, पण आपल्या उन्हात उभं राहून रबर कडक आणि चिरलेलं असतं. सेकंड हँड गाडीबरोबर आलेले 'नव्यासारखे' टायर मी सगळ्यात आधी असेच वाचतो. नक्षीतल्या उंचवट्याच्या खुणेपर्यंत, म्हणजे १.६ मिलिमीटरपर्यंत झिज आली असेल तर विचार करत बसू नका.

गाडी महिनाभर एकाच जागी उभी असेल तर टायर खालून चपटे होतात. असली थरथर दहा-पंधरा किलोमीटरनंतर आपोआप जाते.

पुढचं मागं, मागचं पुढं

मला सगळ्यात आवडणारी तपासणी ही. खर्च शून्य, आणि निकाल स्पष्ट. पुढची दोन्ही चाकं मागं आणि मागची पुढं लावा, बाजू न बदलता. टायरच्या भिंतीवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर बाजू बदलून चालतच नाही. मग त्याच रस्त्यावर, त्याच वेगात चालवा.

थरथर स्टिअरिंगमधून सीटखाली गेली, तर दोष चाकात आहे. थरथर हलली नाही, स्टिअरिंगमध्येच राहिली, तर चाकं निर्दोष आणि संशय हब, एक्सल, जॉइंट यांच्यावर. हे न करता जो गॅरेजवाला थेट पार्ट बदलायला निघतो, त्याला मी तरी गाडी देत नाही.

बॅलन्सिंग, आणि तिथं उभं राहून काय बघायचं

आता पहिल्यांदा खिशात हात घालायचा. चारही चाकांचं बॅलन्सिंग काही शे रुपयांत होतं. लक्षात ठेवा, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट ही दोन वेगळी कामं आहेत. अलाइनमेंटनं चाकांचे कोन जुळतात, गाडी सरळ जाते, टायर नीट झिजतो. ठरावीक वेगातली थरथर तिच्यानं जात नाही. दुकानात दोन्ही एकत्र खपवतात म्हणून लोकांना ते एकच वाटतं.

चहा प्यायला जाऊ नका, मशीनजवळ उभे राहा. जुनं शिसं सगळं काढलंय का? रिम आतून साफ आहे का? मशीनवर रिमचं माप तुमच्या रिमचं टाकलंय, की आधीच्या गाडीचंच आहे? शिसं ठोकल्यावर चाक परत फिरवून दोन्ही बाजूंना शून्य दाखवलं का? "अण्णा, एकदा परत फिरवा की" म्हटलं की बहुतेक ठिकाणी फिरवून दाखवतात. एका चाकाला ढीगभर शिसं लागतंय असं दिसलं तर शिसं लावत सुटण्यापेक्षा टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून बसवायला सांगा. टायरची जड बाजू आणि रिमची जड बाजू एकाच ठिकाणी आलेली असते, ती अशी समोरासमोर जाते.

चाक मशीनवर फिरत असताना रिमची कड वर-खाली किंवा आत-बाहेर नाचते का, तेही तिथंच दिसतं. घरी बघायचं असेल तर चाक जॅकवर उचला, गाडी स्टँडवर टेकवा, विटेवर पेन ठेवून त्याचं टोक रिमच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटरवर आणा आणि चाक हातानं फिरवा. फट एक-दीड मिलिमीटरपेक्षा जास्त बदलत असेल तर रिम वाकलीय. पुढचं चाक फिरवायला गाडी न्यूट्रलला आणि हँडब्रेक ओढलेला हवा. मागच्याला उलटं, हँडब्रेक सोडलेला, गाडी गिअरमध्ये आणि पुढच्या चाकांना दगड.

पत्र्याची रिम ठोकून सरळ होते, आणि बरी होते. अॅलॉयचं मात्र तसं नाही. ती तापवून-ठोकून सरळ करून देतात, पण त्यात बारीक भेग राहिली तर ती डोळ्याला दिसत नाही. माझं मत सांगतो, हलक्या गाडीवर वाकलेली अॅलॉय दुरुस्त करण्यापेक्षा कंपनीची जुनी पत्र्याची रिम बरी.

अॅलॉय लावलेल्यांसाठी

बाहेरच्या अॅलॉय रिमचं मधलं भोक मुद्दाम मोठं ठेवतात, म्हणजे एकच रिम अनेक गाड्यांना बसते. मग चाक मध्यावर धरायचं काम एकट्या नटांवर येतं आणि केसभर फरक राहिला तरी ८५ ला कळतो. त्यावर उपाय म्हणजे हब रिंग. मधल्या भोकात बसणारी प्लॅस्टिकची किंवा अॅल्युमिनियमची साधी कडी, अगदी स्वस्तात मिळते. आतलं माप हबचं, बाहेरचं रिमचं. व्हर्नियरनं (बारीक माप घ्यायच्या साधनानं) दोन्ही मोजा आणि तशी मागा. नटाची बसण्याची जागाही रिमच्या खाचेसारखीच हवी, पत्र्याच्या रिमचे नट अॅलॉयला चालतीलच असं नाही.

आणखी एक. जुन्या ८०० आणि झेनचे चार बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास ११४.३ मिलिमीटर, स्विफ्टचा १००. "थोडं भोक वाढवून बसवून देतो" म्हणणाऱ्या दुकानातून गाडी घेऊन बाहेर पडा.

पंधरा इंची रिम आणि रुंद टायर टाकले की गाडी दिसते भारी, पण प्रत्येक चाकाचं वजन वाढतं, स्टिअरिंग जड होतं, पूर्ण वळणावर टायर आत घासतो आणि ज्या हलकेपणासाठी गाडी घेतली तोच जातो. शिवाय गाडीत मूळ रचनेपेक्षा बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चं बंधन आहे, ते वेगळंच. तेवढ्या पैशात मूळ मापाचे चार चांगले नवे टायर येतात. झेनसारख्या गाडीला स्वस्तात करता येणारी याहून मोठी सुधारणा मला माहीत नाही.

उचलून हलवून बघा

चाकं निर्दोष निघाली तरच इथं या. सपाट, कडक जमीन. डांबरावर दुपारी जॅक रुततो, खाली जाड फळी ठेवा. जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, स्टँड असला तरच.

चाक वर-खाली धरून, म्हणजे घड्याळातल्या १२ आणि ६ वर हात ठेवून हलवा. खडखड लागली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट (चाक आणि लोअर आर्म जोडणारा गोळ्याचा सांधा). दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. खडखड गेली तर बेअरिंग, राहिली तर बॉल जॉइंट. मग ९ आणि ३ वर धरून हलवा. तिथं खेळ असेल आणि वर-खाली नसेल तर टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचा चाकाकडचा सांधा). रबरी बूट फाटून ग्रीस बाहेर आलंय का तेही टॉर्च मारून बघा. खड्ड्यातलं पाणी आणि काळी धूळ आत गेली की जॉइंट फार दिवस टिकत नाही.

इथं थांबा

हातानं हलवताना बॉल जॉइंटला खेळ लागला, चाकाचा स्टड (नट ज्याच्यावर बसतो तो बोल्ट) तुटलाय किंवा नट आवळतच नाही, बेअरिंगचा घर्र आवाज आहे, ब्रेक मारताना थरथरीबरोबर पेडल खोल जातंय, किंवा स्टिअरिंग बरंच फिरवल्यावर मग चाक हलतंय, यातलं एकही असेल तर स्वतः पुढं जाऊ नका. गाडी हायवेला काढू नका. बॉल जॉइंट निसटला की चाक आडवं पडतं. बेअरिंग बसवायला प्रेस लागतो, हातोड्यानं ठोकून बसवलेलं टिकत नाही. लांबून आणायची असेल तर टो करून आणा, त्याचे पैसे वाचवू नका.

एक्सल, ब्रेक डिस्क आणि इंजिन माउंटिंग ही कामंही मेकॅनिकचीच. डिस्क घासून सरळ होते, पण तिच्यावर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. त्याखाली जात असेल तर नवीच टाका, आणि दोन्ही बाजूंची एकदम.

गॅरेजला गाडी देताना "वॉबलिंग आहे, बघा" एवढंच म्हणू नका. "८५ ला स्टिअरिंगमध्ये येतं, ११० ला कमी होतं, ब्रेकशी संबंध नाही, चाकं पुढं-मागं करून बघितली, फरक पडला नाही, बॅलन्सिंग माझ्यासमोर शून्य दाखवलंय" असं सांगा. मेकॅनिकला बरोबर घेऊन हायवेवर फेरी मारा, बाळेपर्यंत गेलात तरी पुरे. काम झाल्यावर काढलेला जुना पार्ट मागून घ्या आणि हातानं हलवून बघा. लोअर आर्म किंवा टाय रॉड एंड बदलला असेल तर अलाइनमेंट करावीच लागते, त्याशिवाय पैसे देऊ नका. आणि चाक कुणीही काढून लावलेलं असो, ५० किलोमीटरनंतर नट एकदा स्वतःच्या हातानं आवळून बघा.